अर्धा तास फिरायचंय, चपला चालतील?

प्रश्न : दिवाळीनंतर मुलांसह किनवटकडे तंबूत मुक्कामाला जातोय. सकाळी जवळच्या सागवानी जंगलात अर्धा तास फिरू म्हणतो. थंडीत साप नसतात, तेव्हा चपला चालतील ना? – एक वाचक, रेणापूर

उत्तर : जरूर जा. लातूर जिल्ह्यात जंगल नावालाच उरलंय, त्यामुळे मुलांना साग, मोह, तेंदू दाखवायला पैनगंगेचा काठ गाठावाच लागतो. पण थंडीत साप नसतात हा समज सोडा. साप थंड रक्ताचे असले, तरी आपल्याकडची थंडी त्यांना महिनोन्‌महिने बिळात कोंडण्याइतकी कडक नसते. उलट ऊन खायला ते पायवाटेवर येतात. घोणस तर हिवाळ्यातही चांगलीच फिरते. सागाच्या ताटाएवढ्या वाळक्या पानांत ती वेटोळं घालून पडली, की तपकिरी अंगावरचे गडद ठिपके पानांत पार मिसळून जातात. ‘शेतकरी चपलांवरच फिरतात की,’ असं कुणी म्हणेल. पण सर्पदंश सर्वाधिक त्यांनाच आणि बहुतेक पायालाच होतात. म्हणून बूट आणि जाड पँट घाला, हातात काठी ठेवा, नीट उजाडल्यावरच निघा, मळलेली वाट सोडू नका. त्या भागात अस्वलंही आहेत, तेव्हा वनखात्याला विचारूनच वाट ठरवा. दंश झालाच, तर चिरा देऊ नका, करकचून बांधू नका; तो पाय हलू न देता १०८ला फोन करून सरकारी रुग्णालय गाठा. प्रतिविष तिथे मिळतं, मांत्रिकाकडे नाही.