खोकताना, हसताना लघवी सुटते का?

खोकल्याचे औषध घ्यायला आलेली पन्नाशीची बाई चिठ्ठी हातात पडली तरी उठत नाही. सोबतच्या सुनेला काही निमित्ताने बाहेर पाठवते आणि मग मान खाली घालून म्हणते, "डॉक्टरसाहेब, खोकला आला का लुगडं ओलं होते जी." किती दिवसांपासून, असे विचारले तर उत्तर येते, "धाकट्याच्या बाळंतपणापासून." म्हणजे वीस-बावीस वर्षे! आपल्या जिल्ह्यात दवाखाना चालवणाऱ्या डॉक्टरला हा प्रसंग नवा नाही.

यावर बायकांनी स्वतःच शोधलेला उपाय म्हणजे पाणी कमी पिणे. कापूस वेचणीच्या दिवसांत शेतात आडोसा नसतो म्हणून सकाळपासून घोटभरही पाणी न पिणाऱ्या मजूर स्त्रिया मी पाहिल्या आहेत. हा उपाय उलटा आहे. लघवी दाट झाली की मूत्राशयाची आग होते, घाई वाढते, जंतुसंसर्ग आणि मुतखड्याची भीती वाढते. वैशाखात तर उन्हाचा झटकाच बसायचा.

दोष पाण्याचा नाही, स्नायूंचा आहे. पुढच्या जांघेच्या हाडापासून मागे माकडहाडापर्यंत स्नायूंची एक झोळी ताणलेली असते. मूत्राशय, गर्भाशय आणि गुदाशय यांना तिचाच आधार. बाळंतपणे, जड ओझी, जुनाट खोकला, बद्धकोष्ठ, लठ्ठपणा आणि पाळी जाणे यांमुळे ही झोळी सैल पडते. मग खोकला, शिंक, हसणे किंवा पाण्याची घागर उचलणे एवढ्याने थेंब सुटतात. पण दंडाचा स्नायू जसा मेहनतीने कसदार होतो तसाच हाही होतो. अमेरिकेतील स्त्रीरोगतज्ज्ञ डॉ. आर्नोल्ड केगेल यांनी 1948 साली यासाठी व्यायामाची पद्धत मांडली. आपल्या हठयोगातील मूलबंध त्याच्याशी बराच मिळताजुळता आहे. आजही अशा तक्रारीवर पहिला उपचार हाच, आणि त्याला पैसा लागत नाही.

लघवी करून यावे. उताणे झोपून गुडघे दुमडावेत. आता चारचौघांत वात सरू लागला तर आपण जसा रोखतो, तसे गुदद्वार आवळावे आणि त्याच वेळी लघवीही रोखल्यासारखे करून आतून वर ओढून घ्यावे. तीन ते पाच सेकंद धरावे, तेवढाच वेळ पूर्ण सैल सोडावे. असे आठ-दहा वेळा, दिवसातून तीनदा. हळूहळू दहा सेकंदांपर्यंत जावे. शेवटी आठ-दहा वेळा झटपट आवळून सोडावे. चुकते ते इथेच. बऱ्याच जणी श्वास कोंडून खाली जोर देतात, शौचाला बसल्यासारखा. त्याने झोळी आणखी सैल होईल! पोटावर हात ठेवा, तोंडाने मोठ्याने आकडे मोजा. पोट, मांड्या, कुल्ले कडक होत असतील तर पद्धत चुकली. लघवीची धार मध्येच थांबवून रोज सराव करण्याची सवय मात्र लावू नये, मूत्राशय पूर्ण रिकामे होत नाही.

जमू लागले की बसून, उभ्याने, भाकरी थापतानाही करता येते. खोकला येणार असे वाटताच आधी आवळा, मग खोकला. काहींना लघवीची एकाएकी घाई होते. त्यांनी धावत सुटू नये. जागीच थांबून पाच-सहा वेळा झटपट आवळावे, जोर ओसरला की चालत जावे. चहा कमी करावा, पाणी नव्हे. गरोदर बायांनी हा व्यायाम जरूर करावा. प्रोस्टेटच्या शस्त्रक्रियेनंतर थेंब गळणाऱ्या पुरुषांनाही तो उपयोगी आहे.

मात्र लघवीत रक्त, जळजळ, ताप, लघवी अडणे, अंग बाहेर येणे, किंवा बाळंतपणानंतर लघवी सतत झिरपणे, यांपैकी काही असेल तर व्यायामावर वेळ घालवू नका. तपासून घ्या. वारंवार लघवी होत असेल तर रक्तातील साखरही पाहावी. यवतमाळच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयात स्त्रीरोग विभाग आहे.

गुण यायला निदान तीन महिने लागतात. पंधरा दिवसांत सोडून देणाऱ्याच जास्त. वर सांगितलेली बाई चौथ्या महिन्यात आली ती गुडघेदुखीसाठी. मीच आठवण काढली, तेव्हा म्हणाली, "जोराची शिंक आली तर अजून होते कधीमधी. पण आता वावरात पाण्याची बाटली नेतो मी."