अमेरिकेचा पहिला ध्वज बेट्सी रॉसनेच शिवला का?

प्रश्न : अमेरिकेचा पहिला राष्ट्रध्वज बेट्सी रॉस या बाईंनी शिवला, असे मुलीच्या पुस्तकात वाचले. हे खरे का? त्या कपडे शिवत असत का?

उत्तर : पहिला ध्वज त्यांचाच, असे सांगणारा त्या काळातला एकही कागद नाही. ही गोष्ट त्यांचे नातू विल्यम कॅनबी यांनी 1870 मध्ये फिलाडेल्फियातल्या इतिहास संस्थेपुढे सांगितली. जॉर्ज वॉशिंग्टन बेट्सीबाईंच्या दुकानात आले, त्यांच्याकडच्या ध्वजाच्या चित्रात सहा टोकांचे तारे होते. बेट्सीबाईंनी कागदाला घड्या घालून कात्रीच्या एकाच कापात पाच टोकांचा तारा करून दाखवला, अशी ती हकीगत. घड्या नीट पडल्या तर एका कापात तारा निघतो, मुलीला जरूर करून दाखवा. पण गोष्ट चारचौघांत आली तेव्हा बेट्सीबाईंना जाऊन 34 वर्षे झाली होती.

मला या दंतकथेपेक्षा त्यांचे खरे आयुष्य मोठे वाटते. त्या कपडे शिवत नसत. गाद्या, पडदे, खुर्च्यांच्या बैठका हे त्यांचे काम, आणि ध्वजही त्याच धंद्यात येत. जन्म 1752 चा, क्वेकर या ख्रिस्ती पंथाच्या घरातला. दुकानात काम शिकताना जॉन रॉस भेटले. ते दुसऱ्या, अँग्लिकन पंथाचे, म्हणून 1773 मध्ये पळून जाऊन लग्न केले आणि क्वेकर मंडळींनी बेट्सीबाईंना समाजाबाहेर काढले. 24 व्या वर्षी वैधव्य आले. दुसरे पती जोसेफ ॲशबर्न दर्यावर्दी. स्वातंत्र्ययुद्धात इंग्रजांनी त्यांना पकडले आणि 1782 मध्ये ते इंग्लंडच्या तुरुंगात वारले. ती बातमी आणणारे सोबतचे कैदी जॉन क्लेपूल हे पुढे तिसरे पती झाले.

या सगळ्यात सुई थांबली नाही. 29 मे 1777 रोजी पेनसिल्व्हेनियाच्या नौदल मंडळाने जहाजांच्या ध्वजांसाठी त्यांना 14 पौंड 12 शिलिंग 2 पेन्स मंजूर केले. तारे-पट्ट्यांचा राष्ट्रध्वज ठरवणारा ठराव झाला त्यानंतर, 14 जूनला. म्हणजे त्याआधीच त्या ध्वज शिवून हक्काचे पैसे घेत होत्या. साठीकडे झुकतानाही त्यांनी न्यू ऑर्लिन्सच्या लष्करी ठाण्यासाठी 18 बाय 24 फुटांचे सहा ध्वज शिवून दिले. एवढे कापड पसरायला आपल्याकडचा अख्खा दिवाणखानाही पुरायचा नाही!

1836 मध्ये, 84 व्या वर्षी त्या वारल्या. ध्वजांचे काम पुढे त्यांची मुलगी क्लॅरिसा हिने चालवले.