सिम कार्ड : मोबाइलची परवल

नखाएवढी ही पट्टिका मोबाइलमध्यें काय काम करते, असा प्रश्न पुष्कळ विद्यार्थ्यांस पडतो. सिम कार्ड हा वस्तुतः एक अत्यंत लहान संगणकच होय. तें प्रथम १९९१ सालीं जर्मनींत तयार झालें. भारतांत मोबाइलसेवा १९९५ सालीं सुरू झाली.

कार्डांत दोन गोष्टी मुख्य असतात : ग्राहकाचा ओळखक्रमांक व एक गुप्त किल्ली. हा क्रमांक बहुधा १५ अंकी असून भारतांत त्याचा आरंभ ४०४ किंवा ४०५ नें होतो.

आपल्या नगरच्या भुईकोट किल्ल्याच्या दाराशीं पहारेकरी परवलीचा शब्द विचारीत आहे, अशी कल्पना करा. तो शब्द मोठ्यानें उच्चारल्यास शत्रूही ऐकेल. सिमची रीत अधिक चतुर आहे. कंपनीकडून दर वेळीं एक नवी संख्या येते. कार्ड किल्लीच्या साह्यानें गणित करून उत्तर पाठवितें. कंपनीजवळही तीच किल्ली असते. दोन्ही उत्तरें जुळलीं कीं प्रवेश मिळतो. किल्ली मात्र कार्डाबाहेर जात नाहीं. म्हणून ऐकलेलें उत्तर चोरास पुन्हां उपयोगी पडत नाहीं.

परंतु पालकांनीं ध्यानांत ठेवावें कीं, बँकेचा ओ.टी.पी. ज्याच्या हातीं सिम त्यासच मिळतो. म्हणून कांहीं भामटे खोटीं कागदपत्रें देऊन दुसऱ्याच्या क्रमांकाचें नवें कार्ड मिळवितात. आपलें सिम अकारण बंद पडल्यास कंपनीकडे तत्काळ चौकशी करावी. पैसे गेल्यास १९३० या क्रमांकावर विनाविलंब कळवावें. यंत्र कितीही चतुर असो, राखणदार जागा हवाच.