व्यसनी बांधवाला खेड्यातून कोठे न्यावे?

घरात दारू शिरली हे पुष्कळदा शब्बाथ शाळेच्या शिक्षकाला आधी कळते. मूल वर्गात पेंगत असते. गावात उपाय एकच ठाऊक : शपथ घालणे, नाहीतर खोलीत कोंडणे. हा उपाय जिवावर बेतू शकतो. वर्षानुवर्षे रोज पिणाऱ्याची दारू एकाएकी तुटली की हात कापतात, आकडी येते. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी भ्रम होऊन माणूस दगावूही शकतो. घरचे मात्र बाहेरची बाधा म्हणतात! म्हणून आधी डॉक्टर, मग शपथ.

जिल्हा रुग्णालयात मानसोपचाराची चौकशी करावी. १४४४६ या सरकारी विनामूल्य क्रमांकावर जवळच्या केंद्राची माहिती विचारता येते. पुण्याचे मुक्तांगण १९८६ पासून हे काम करीत आहे. खानापूरकडच्या रुग्णाला मन मराठीत मोकळे करता येणे लहान गोष्ट नव्हे. कोठेही साखळी वा मारहाण दिसली तर रुग्णासह परत फिरावे.

शोमरोनी माणसाने जखमीला उतारशाळेत पोहोचविले, पैसे दिले आणि परत येण्याचेही सांगितले (लूक १०:३०-३५). हे शेवटचे आपण विसरतो. रुग्ण घरी आल्यावर गुत्त्यावरून जाणाऱ्या वाटेने संध्याकाळी त्याच्या सोबत कोण चालणार, हे मंडळीने त्याला दाखल करण्यापूर्वीच ठरवावे.