आधी प्रार्थनेची वेळ, मग बाकीचा नाताळ

लेकींनो, सुनांनो, आणि घरात असाल तर पोरांनो तुम्हीसुद्धा, डिसेंबर उजाडायच्या आत हे ऐकून घ्या. ज्या महिन्यात ख्रिस्ती घरात सगळ्यात जास्त आनंद असायला हवा, त्याच महिन्यात चिडचिड, उसनवारी आणि रुसवेफुगवे वाढतात. प्रभूवरचं प्रेम आटलं म्हणून असं होत नाही. आपण कामांची यादी आधी करतो आणि प्रभूसाठी उरलासुरला वेळ ठेवतो, म्हणून होतं. हा क्रम बदला. मी पुढे जे सांगणार आहे ते सगळं या एका गोष्टीसाठी आहे.

आपल्या भुसावळात तर हे फार जपावं लागतं. इथून एक मार्ग मुंबईला, एक नागपूरला, एक खंडवा-इटारसीला जातो आणि गाड्या सणवार पाहत नाहीत. या रेल्वेनंच मराठी, तमिळ, तेलुगू, मल्याळी, गोव्याची, अँग्लो-इंडियन अशी ख्रिस्ती घरं एका गावात आणली. ज्यांची भाकरी पाळीच्या नोकरीवर आहे, त्यांच्याकडे सगळे एकत्र बसण्याची वेळ आपोआप येत नाही. ती ठरवावी लागते.

कॅलेंडरवर पहिली खूण प्रार्थनेची

रेल्वेच्या वेळापत्रकात मेल-एक्सप्रेसला आधी वाट देतात आणि मालगाडी मधल्या मोकळ्या वेळात काढतात. घराचा डिसेंबर तसाच आखा. नोव्हेंबरच्या अखेरीस भिंतीवरचं कॅलेंडर खाली घ्या आणि रोजच्या कुटुंब-प्रार्थनेची दहा मिनिटं आधी लिहा. मग ड्यूट्या, शाळेचं संमेलन, कॅरलच्या रात्री, खरेदी.

पाळी बदलली की प्रार्थनेची वेळही बदलू द्या. घरचा माणूस रात्रपाळीला असेल त्या आठवड्यात तो निघण्याआधी बसा, सकाळपाळीला असेल तेव्हा रात्री जेवणाआधी. रनिंग स्टाफच्या घरात वेळ बांधता येत नाही. तिथे जे घरी असतील त्यांनी ठरल्या वेळी बसावं आणि जो गाडीवर आहे त्याचं नाव घेऊन प्रार्थना करावी. फोन सगळ्यांचे बाजूला. ड्यूटीचा कॉल ज्याच्यावर यायचा तो एकच जवळ ठेवा.

रोज लूकचा एक अध्याय

लूकच्या शुभवर्तमानात चोवीस अध्याय आहेत. 1 डिसेंबरला पहिला उघडलात की 24 तारखेला शेवटचा होतो. पहिलाच अध्याय ऐंशी वचनांचा आहे, तेव्हा तो घरातल्यांनी वाटून वाचावा, नाहीतर पोरं पहिल्याच दिवशी कंटाळतील. चोवीस दिवसांत पोरांना प्रभूचा जन्म, शिकवण, वधस्तंभ आणि पुनरुत्थान सगळं कळतं. मग 25 तारखेला सकाळी पुन्हा दुसरा अध्याय वाचा. गव्हाणीतलं बाळ पुढे कोण झालं हे ठाऊक असलं की तीच गोष्ट पोरं वेगळ्या मनानं ऐकतात.

वाचन मराठीत करा. पोरं इंग्रजी शाळेत जातात म्हणून प्रार्थनाही इंग्रजीत हलवू नका. पंडिता रमाबाईंनी केडगावच्या मुक्ती मिशनमध्ये हिब्रू आणि ग्रीक शिकून पवित्र शास्त्र मराठीत आणलं. साध्या बायाबापड्यांना समजावं म्हणून त्यांनी त्यात आयुष्याची शेवटची वर्षं घातली. ज्यांना अडखळत वाचता येतं त्यांनाही वाचू द्या. मध्येच चूक काढायची नाही.

वाचून झालं की एक गीत म्हणा. रेव्हरंड नारायण वामन टिळकांनी मराठी माणसानं आपल्या चालीत प्रभूला आळवावं म्हणून अभंग आणि भजनं लिहिली. ती 'उपासना संगीत' या आपल्या गीतांच्या पुस्तकात आहेत. टाळ असेल तर टाळ, नाहीतर टाळ्या. सूर लागला नाही तरी चालतं.

बोनस आला त्याच दिवशी पाकीट बाजूला

नाताळातली निम्मी भांडणं पैशाची असतात. रेल्वेचा बोनस दसऱ्याच्या सुमारास होतो. 78 दिवसांचा म्हणतात, पण महिना 7,000 रुपयांची मर्यादा धरून हिशोब होतो, त्यामुळे हातात जास्तीत जास्त 17,951 रुपये येतात. दिवाळीच्या बाजारात ते कधी संपतात कळत नाही आणि डिसेंबरात कर्ज काढायची पाळी येते. म्हणून बोनस आला त्याच दिवशी नाताळाचं पाकीट वेगळं करा. त्यावर चार ओळी लिहा: प्रभूसाठी, गरिबासाठी, पोरांसाठी, घरासाठी. रकमा लहान असल्या तरी हरकत नाही, पण वरून खाली त्याच क्रमानं खर्च करा. पाकीट संपलं की खरेदी संपली. हप्त्यावर कपडे आणि टीव्ही घेऊन नाताळ साजरा होत नाही, त्याचा घोर मार्चपर्यंत पुरतो.

पाहुणे बोलवायचे असतील तर तिकिटाचं आधी बोला. आरक्षण 60 दिवस आधी उघडतं. म्हणजे 24 डिसेंबरच्या गाडीचा विचार ऑक्टोबरच्या शेवटच्या आठवड्यात व्हायला हवा. कोण येणार, किती दिवस राहणार, हेही तेव्हाच विचारून घ्या.

24 तारखेला कढई चढवू नका

ही माझी आज्ञा समजा. शंकरपाळे आणि चिवडा पंधरा तारखेच्या आसपास उरकून घ्या. त्यानंतर कुलकुल, मग करंज्या. केक आणि नानकटाई बेकरीतून भाजून आणणार असाल तर दोन-तीन दिवस आधी जा, शेवटच्या दिवशी तिथे उभं राहायला जागा नसते. पाच पदार्थ झेपत नसतील तर तीन करा, तीन जड जात असतील तर एकच चांगला करा.

कुलकुल मात्र सगळ्यांनी मिळून वळा. काट्या-चमच्याच्या पाठीवर किंवा नव्या कोऱ्या फणीवर पोरंही सहज वळतात. पुरुषांनीही बसायचं. सगळा पसारा एकट्या सुनेच्या अंगावर टाकून बाकीचे उपासनेला स्वच्छ कपडे घालून निघाले, तर त्या घरात प्रभूचा सन्मान झाला असं मी मानत नाही. मार्था स्वयंपाकात गुंतली आणि मरिया प्रभूच्या पायाशी बसली, ही गोष्ट लूकच्या दहाव्या अध्यायात आहे. ती वाचल्यावर आपल्या घरातल्या मार्थेला उठवून पायाशी बसवायचं काम बाकीच्यांचं आहे.

24 च्या रात्री साधं जेवण ठेवा. आपल्या खानदेशात हे दिवस भरिताच्या वांग्यांचे. भरीत, कळण्याची भाकरी, सोबत कांद्याची पात. लवकर होतं, सगळ्यांना आवडतं, आणि भांडी घासून उपासनेला वेळेवर निघता येतं.

ज्याची ड्यूटी आहे, त्याचा नाताळ चुकवू नका

25 तारखेला कोणीतरी कॅबिनमध्ये असतो, कोणी इंजिनावर, कोणी रुळांची गस्त घालतो. आपल्या कितीतरी मुली दवाखान्यांत परिचारिका आहेत, त्यांचीही पाळी लागते. त्यावरून घरात कटकट करू नका. जाणाऱ्याचं मन आधीच जड असतं. तारणाऱ्याच्या जन्माची पहिली बातमी रात्री कळप राखत बसलेल्या मेंढपाळांना मिळाली. ते कामावरच होते. देवानं त्यांना काम सोडून मंदिरात या असं सांगितलं नाही, तोच त्यांच्याकडे गेला. ड्यूटीवर निघणाऱ्याला दारात उभं राहून हे सांगा आणि त्याच्यासाठी प्रार्थना करून पाठवा.

डब्यात चार करंज्या जास्त घाला, सोबतच्यांसाठी. घरातलं मोठं जेवण आणि भेटवस्तू तो परत आल्यावर. 26 ला दुपारी झालं तरी काही बिघडत नाही.

कॅरल गाताना झोपलेल्याची आठवण ठेवा

कॅरलमुळे घर आणि मंडळी जवळ येतात, ती परंपरा मोडू नका. पण कॉलनीत एका घरात रात्रपाळीहून आलेला झोपलेला असतो, दुसऱ्यात पहाटेच्या गाडीवर जाणारा. तरुण संघानं कोणत्या दिवशी कोणती गल्ली हे आधी कळवावं. ढोलकी, गिटार आणि गळा पुरे, ध्वनिक्षेपक नको. ज्यांच्या घरी आजारी किंवा फार म्हातारं माणूस आहे तिथे सगळ्यात आधी, संध्याकाळीच जा. आणि कॅरल येणार म्हणून घरातल्यांनी दहा पदार्थ मांडू नयेत. चहा आणि घरचं काहीतरी पुष्कळ झालं.

दोन मंडळ्यांचं एक घर

आपल्या गावात सासर एका मंडळीचं आणि माहेर दुसऱ्या, हे नेहमीचं. कोणाला मध्यरात्रीची मिस्सा हवी, कोणाला सकाळची उपासना. दोन्हीकडे जाता येत असेल तर जा. नसेल तर यंदा एकीकडे, पुढल्या वर्षी दुसरीकडे. कोणाचं चर्च खरं यावर जेवणाच्या पंगतीत बोलायचं नाही. पंचांची निवडणूक, नाटिकेत कोणाच्या पोराला काम मिळालं, प्रीतिभोजनाचा हिशोब, हे विषयही 25 तारखेला बंद. पोरं आपल्या तोंडून मंडळीबद्दल जे ऐकतात तेच घेऊन मोठी होतात.

ज्या घरात खुर्ची रिकामी आहे

वर्षभरात ज्यांच्याकडे मरण झालं, त्यांना नाताळ फार कठीण जातो. त्यांच्याकडे आधी जा. 'आता रडू नका, सण आहे' असं म्हणू नका. गेलेल्याचं नाव घ्या, त्याची एखादी चांगली आठवण सांगा, थोडं वाचा, प्रार्थना करा. त्यांच्यासोबत कबरस्तानात जाऊन कबर साफ करून फुलं ठेवा. त्यांना गाणं म्हणवत नसेल तर आपण त्यांच्यासाठी म्हणायचं. आपलं दुःख असेल तर तेही लपवू नका. चांदणी लावायची ताकद नसेल त्या वर्षी शेजारच्या पोराकडून लावून घ्या, पण दार बंद करून बसू नका.

ताट कोणाकडे आधी

दिवाळीला, ईदला शेजारची ताटं आपल्याकडे येतात. नाताळाचं ताट पोचवायला पोरांनाच पाठवा. पहिलं ताट ज्याचं वर्ष वाईट गेलं त्याला, मग बाकीच्यांना. पोरांना नवीन कपडे आणताना त्यांच्याच वयाच्या एका गरजू लेकरासाठीही एक जोड घ्यायला लावा, आणि तो त्यांच्याच हातानं द्यायला सांगा. मोठं भाषण करण्यापेक्षा यानं दानाची सवय लवकर लागते.

26 तारखेला थांबू नका

सणाचा थकवा उतरतो त्या दिवसांत घरं सगळ्यात जास्त चिडतात. म्हणून ड्यूटीवाल्यासाठी राखलेलं जेवण सोडलं तर 26 ला दुसरा कोणताही कार्यक्रम ठेवू नका, झोपा. पण प्रार्थना चालू ठेवा. मत्तयाचा दुसरा अध्याय 6 जानेवारीपर्यंत थोडा थोडा वाचा. त्यात मागी लोकांची भेट आहे, आणि हेरोदापासून जीव वाचवायला बाळाला घेऊन मिसरात गेलेलं कुटुंबही आहे. प्रभूचं स्वतःचं घरही धावपळीत आणि भीतीत होतं. तिथे देवानं योसेफाला एका वेळी एकच पाऊल दाखवलं, आणि त्यानं ते टाकलं.

एवढं सगळं एका वर्षात जमणार नाही. यातलं एकच करायचं असेल तर रोजची दहा मिनिटं धरा. केक राहिला, चांदणी राहिली, नवे कपडे राहिले तरी नाताळ होतो. ती दहा मिनिटं टिकली तर बाकीच्या गोष्टी हळूहळू आपापल्या जागी येतील. पोरं उद्या पुण्याला, मुंबईला, परदेशात गेली तरी ही सवय सोबत नेतील. प्रभू तुमची घरं शांत ठेवो. जय ख्रिस्त.