आधी छत पाहा, मग काळोख

रायगडच्या किनाऱ्यावर सड्याच्या, म्हणजे कातळी पठाराच्या, कडेने हिंडताना जमीन खचलेली दिसली, आणि त्या खड्ड्याच्या पोटात काळोखी कपार असली, की आत डोकावायचा मोह आवरत नाही. चुनखडकातल्या गुहा पाहून आलेल्यांना तर नाहीच. पण आंध्रातल्या बेलम गुहा किंवा मेघालयातलं मॉस्माई वेगळं. तिथे खडकच पाण्यात विरघळून पोकळी होते. आपल्या किनाऱ्याला तसा चुनखडक नाही. खाली साडेसहा कोटी वर्षांपूर्वीचा काळा कातळ, वर जांभा, आणि मध्ये बऱ्याच ठिकाणी चिकणमाती. मुरलेलं पाणी ती माती वाहून नेतं, जांभ्याचं छत अधांतरी राहतं आणि कधीतरी खाली बसतं. एकदा बसलं म्हणून ते पुरतं बसलेलं नसतं.

श्रीवर्धनच्या बाजूला अशाच एका कपारीत आम्ही उतरलो होतो. नवरात्र सरलं होतं, पाऊस उघडला होता, सडा ठणठणीत कोरडा. आत मात्र थेंब गळत होते. सोबतचे गावातले काका तोंडाशीच थांबले. "दादा, वरची माती अजून भिजलेली हाय. पुढं नको." मी टॉर्च वर धरला. सगळं छत शेवाळाने काळवंडलेलं, आणि मधेच हातभर जागा लख्ख तांबडी-पिवळी. खाली तेवढाच दगड पडलेला. त्याच्या छिद्रांतली माती ओली होती, त्याखाली दबलेलं पान अजून हिरवं होतं. आम्ही मागे फिरलो. वर येऊन पाणी पितोय, तोच आतून धप्पकन आवाज आला. उतरायची वाट ढेकळांनी भरून गेली होती.

म्हणून सांगतो, पावसाळ्यात आणि दिवाळीपर्यंत अशा जागी शिरूच नका. नंतरही छताचा ताजा तुटलेला रंग, गळणारं पाणी किंवा लोंबणारी मुळं दिसली तर बाहेरूनच पाहा. हेल्मेट हवंच, पण ते खड्यापासून वाचवतं, चिऱ्यापासून नाही. खड्ड्याच्या काठावर फोटोसाठी उभं राहू नका. पोकळी तुमच्या पायाखालपर्यंत गेलेली असू शकते.

एक जण कायम बाहेर, मोबाइलला रेंज मिळेल अशा जागी ठेवा. कुणी अडकलंच तर बाहेरच्या माणसाने लगेच 112 ला फोन करावा आणि धावून आलेल्या माणसांना सड्यावर, गुहेच्या डोक्यावर, गर्दी करू देऊ नये.