शब्दांच्या शोधात पहिलीचा वर्ग

पहिलीतील एखादे मूल पाठ्यपुस्तकातील धडा घडाघडा म्हणून दाखविते. परंतु त्याच धड्यातील एका शब्दावर बोट ठेवून 'हे काय?' असे विचारले, की गप्प बसते. धडा पाठ झालेला असतो, वाचन आलेले नसते. फळ्यावरील मजकूर वळणदार अक्षरात उतरविणाऱ्या मुलाविषयीही असाच गैरसमज होतो. ही उणीव पहिली एक-दोन वर्षे झाकली जाते आणि चौथीत गणिताचे शाब्दिक उदाहरण समोर आले, की उघडी पडते. केंद्र शासनाने २०२१ मध्ये सुरू केलेल्या 'निपुण भारत' अभियानात तिसरीअखेर प्रत्येक मुलास समजून वाचता यावे, यावर भर दिला गेला, तो यामुळेच.

शब्दशोध हा यावरील एक साधा व जवळजवळ बिनखर्चाचा उपाय होय. दारावर 'दार', माठावर 'माठ', खिडकीवर 'खिडकी' अशा चिठ्ठ्या अनेक वर्गांत लावलेल्या असतात. मात्र चिठ्ठी डकविली म्हणजे काम झाले, असे समजू नये. आठवडाभरात ती भिंतीचाच भाग होते व तिच्याकडे कोणी पाहत नाही. तेव्हा एखाद्या सकाळी शिक्षकाने चिठ्ठ्यांची अदलाबदल करून ठेवावी. माठावर 'खिडकी', फळ्यावर 'चप्पल'! चूक पकडण्यात मुलांना मोठा आनंद वाटतो, आणि चूक पकडावयाची तर वाचावेच लागते.

पुढे शोधाला अट घालावी. देवनागरी लिपीत या खेळास भरपूर वाव आहे. एकटा 'र' घेतला, तरी 'सूर्य' मध्ये तो डोक्यावर चढतो, 'चक्र' मध्ये पायाशी तिरकी रेघ होतो, 'ट्रक' मध्ये काकपदासारखा खाली लागतो आणि 'दऱ्या' मध्ये वाकड्या केसासारखा पुढील अक्षरास चिकटतो. दुसरीच्या मुलांनी या चार वेषांतील 'र' जुन्या वर्तमानपत्रांतून हुडकून चार खोक्यांत टाकावेत. काही शोध कानाचेही असावेत. 'चार' आणि 'चाक' यांतील 'च' लिहिण्यात एकच, उच्चारात मात्र वेगळा. हा भेद मुलांना स्वतः सापडू द्यावा. सापडलेल्या शब्दांपैकी तीनच शब्द मुलाने वहीत घ्यावेत आणि प्रत्येकाचे एक वाक्य स्वतःच्या मनाने लिहावे. लांबलचक यादी उतरविणे म्हणजे पुन्हा नक्कलच.

वर्गातील शब्द संपले, तरी गाव आहेच. रास्त भाव दुकान, बसथांबा, दुधाची पिशवी, दवाखान्याची वेळ सांगणारा फलक, सर्वत्र वाचण्यासारखे काही असते. (कीटकनाशकांच्या रिकाम्या वेष्टनांना मात्र मुलांना हात लावू देऊ नये.) येथे ग्रामपंचायतीची जबाबदारी सुरू होते. 'पाणी जपुन वापरा' असे भिंतीवर रंगविले, की शाळेत शिकविलेला 'जपून' खोटा ठरतो. आणि मूल मोठ्या अक्षरांवरच अधिक विश्वास ठेवते. फलक रंगविण्यापूर्वी मजकूर शिक्षकास दाखविण्याचा प्रघात पंचायतीने पाडला, तर त्यास वेगळा निधी लागणार नाही.

आदिवासी भागात प्रश्न अधिक नाजूक आहे. ज्या मुलाच्या घरी कोरकू, गोंडी किंवा वारली बोलली जाते, त्यास 'माठ' हा शब्द वाचता आला, तरी अर्थाची खूण पटेलच असे नाही. अशा वर्गात घरचा शब्द देवनागरीत आधी लिहावा, त्याशेजारी मराठी शब्द ठेवावा, आणि त्या शोधात पालकांनाही ओढावे. ताराबाई मोडक व अनुताई वाघ यांनी १९४५ पासून बोर्डी येथे आणि १९५७ नंतर कोसबाड येथे पाने, बिया, शिंपले अशा परिसरातील वस्तूंनाच शिक्षणाचे साहित्य केले. शब्दांच्या बाबतीतही तीच दृष्टी हवी.

प्रगती पाहण्याकरिता लेखी परीक्षेची गरज नाही. दर शनिवारी, ओळखीच्या अक्षरांचा परंतु वर्गात कधीच न लावलेला एक शब्द मुलापुढे धरावा. 'पाट' आणि 'माठ' येणाऱ्या मुलास 'पाठ' वाचता आला, तर अक्षर त्याचे झाले. अडखळल्यास रागावू नये. कोणत्या अक्षरापाशी अडखळले ते टिपून ठेवावे व सोमवारचा शोध त्याच अक्षराचा ठेवावा.